फरशीला तेल नको

तुमच्या जिवलग मैत्रिणीला पडता पडता दुसऱ्याच कुणीतरी सावरलं, आणि ती वाचली याचा आनंद होण्याआधी 'तिथे मी का नव्हते' असा जळका विचार तुमच्या मनात येऊन गेला, असं कधी झालंय का? लगेच नाही म्हणू नका. मला लोक तत्त्वाची मुलगी म्हणतात आणि मीही ते खरं मानते. पण त्या एका हिवाळ्यात मी सकाळी उठल्यापासून जळत होते, आणि ज्याच्यावर जळत होते ते एक फाटकं पोतं होतं.

हिवाळा पुन्हा आलाय, म्हणून हे सगळं वर आलं. आमच्या सोलापुरात हिवाळा म्हणजे उन्हाळ्याने घेतलेली रजा. रजा संपायच्या आत सगळं उरकायचं असतं. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आई रात्री पायांना तेल चोळून जुने मोजे चढवते. बोरं येतात, हुरडा येतो, वळसंगकडून येणाऱ्या बायका शेंगांच्या पाट्या घेऊन बोळात बसतात. गिरणीचा भोंगा थंड हवेत जास्त वेळ रेंगाळतो. आणि परवा सकाळी कॉलेजला जाताना मी आमच्या जुन्या शाळेच्या बोळातून गेले, तेव्हा एक वास आला. कच्च्या करडईच्या तेलाचा. स्वयंपाकघरातला नव्हे. ओल्या दगडावर चोळलेल्या तेलाचा वास निराळा असतो, थोडा कडवट, थोडा मातकट. तो नाकात शिरला आणि माझे पाय आपोआप जपून पडायला लागले. बोळात तर साधी मातीच होती.

आमच्या शाळेचं अंगण शहाबादी फरशीचं. फाटकापासून वर्गांच्या पायऱ्यांपर्यंत नुसती फरशी. आत जायला दुसरी वाट नाही. इमारत पूर्वेला, दुमजली, त्यामुळे मोठी सुट्टी होईपर्यंत ऊन अंगणात उतरायचंच नाही. शाळा सकाळची. आम्ही पोरी कुडकुडत यायचो, तोंडातून वाफ काढून एकमेकींना दाखवायचो. ही फरशी रोज सकाळी धुतली जायची. गौरामावशी, म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाईणबाई, अक्कलकोटकडच्या, बादल्या ओतून खराट्याने पाणी काढायच्या. पण ऊनच नसल्यावर ते वाळणार कसं?

मी सांगतेय त्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी दुष्काळ होता. प्यायला पाणी नाही तिथे फरशी कोण धुणार? तो सगळा हिवाळा अंगण धुळीने पांढरं झालेलं होतं आणि एकही पोरगी घसरली नव्हती. मग पाऊस झाला, शाळेची टाकी भरली, आणि मोठ्या बाईंनी वर्षभराची हौस फेडून घ्यायची ठरवली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वाईट नव्हत्या. स्वच्छतेचं वेड होतं, इतकंच. आणि त्या वेडाच्या वर तेल होतं.

हे तेल बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्याकडे शहाबादी फरशी चमकवायची म्हणजे नारळाच्या शेंडीने घासायची आणि मग तेलाच्या बोळ्याने पुसायची. राखाडी दगड काळाभोर होतो, पाटी नुकतीच पुसल्यासारखा. लग्नघरात करतात, एक दिवस करतात, ठीक आहे. आमच्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपली की सुरू व्हायचं, कारण हिवाळ्यात कधीतरी तपासणी यायची आणि ती नेमकी कधी येईल हे कुणालाच माहीत नसायचं. म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर तेल. सोमवारी पहाटे त्याच्यावर पाणी. आणि त्याच्यावर आम्ही, झिजून गुळगुळीत झालेल्या रबरी स्लीपर घालून, भेगांना तेल चोळलेल्या पायांनी.

पडण्याला आमच्यात नावं होती. बसकी, उताणी, आणि दप्तर एकीकडे अन् पोरगी दुसरीकडे झाली तर 'फारकत'. "आज मंगलची फारकत झाली गं!" असं ओरडत पोरी वर्गात शिरायच्या. सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. आणि वरून मास्तरीणबाई पडलेलीलाच विचारायच्या, "डोळे कुठे होते? नीट बघून चालता येत नाही?" हे मला आजही सहन होत नाही. तुम्ही जमिनीला तेल लावता, वर पाणी ओतता, आणि दोष पायाला देता!

आता पद्माबद्दल सांगते. पद्मा माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. वडील यंत्रमागावर, आई आणि आजी घरी विड्या वळायच्या. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला होता. गेला म्हणजे होता, पण बारीक राहिला, आणि चालताना ती त्या बाजूला थोडी वाकून यायची. गणितात पुढे, कवितेत पुढे, भांडणात तर सगळ्यांच्या पुढे. मला ती फार आवडायची. तिची जिवलग मैत्रीण मीच, असं मी ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच पद्मा पडली. बसकी नाही, उताणी नाही. तो बारीक पाय खाली दुमडला गेला आणि गुडघा फरशीवर फुटला. मी वर्गात होते. बाहेर येईपर्यंत आमच्याच वर्गातल्या शाहीनने तिला उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी पद्माची अम्मा शाळेत आली. पदराला तंबाखूचा वास, बोटं पिवळी. मोठ्या बाईंच्या दारातच उभी राहिली, आत गेली नाही.

"बाई, हे इंकोसारी पडलं ना, साळा बंद. घरी बसून विडी करतंय."

इंकोसारी म्हणजे पुन्हा एकदा. पद्माने मला नंतर सांगितलं. पण अर्थ कळायला तेलुगू यायची गरज नव्हती. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, तिला जपून चालायला सांगा." अम्मा म्हणाली, "जपून चालतंय की. जपूनच पडलं." आणि निघून गेली.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एकच प्रश्न होता. पद्मा पुन्हा पडता कामा नये. तपासणी होईपर्यंत तेल थांबणार नाही, आणि पद्माचा एक पाय घसरला की तिची शाळा संपली. तिला शिकायचं होतं. तिला पुढे शिकवायचंही होतं. मधल्या सुट्टीत ती फळ्यापुढे उभी राहून बाईंची नक्कल करायची आणि नकलेतसुद्धा गणित बरोबर सोडवायची.

मी काय केलं असेल? मी पत्रक काढलं.

त्याला कारण आहे. माझे अण्णा गिरणीत होते आणि भाकरीच्या फडक्यात गुंडाळून रोज एखादं पत्रक घरी आणायचे. कधी बोनसचं, कधी महागाईचं, कधी कुठल्या दूरच्या देशातल्या लढ्याचं. मी अक्षरं शिकले ती त्या मोठमोठ्या मथळ्यांवर. बराच काळ मला वाटायचं की लिहायचं म्हणजे ओरडायचं. अण्णा जेवताना वाचून दाखवायचे आणि आई म्हणायची, "हळू वाचा, आमटी सांडतीय." तर मला पत्रकाशिवाय काही सुचलंच नसतं. अण्णांचे कार्बन घेतले, दाबून दाबून लिहिलं, बोटं निळी झाली. मथळा होता: विद्यार्थिनींनो, जाग्या व्हा! फरशीला तेल नको!

मी ती पत्रकं फाटकाशी उभी राहून वाटली. पहिली प्रत शाहीनला दिली, तिला दाखवायलाच. शाहीनचे अब्बा धान्याच्या आडतीवर बारदान शिवायचे, म्हणजे रिकामी पोती दुरुस्त करायचे. उंच, हाडकुळी, शांत पोरगी. तिने वाचलं आणि म्हणाली, "जाग्याच हाय की गं. भोंग्याला उठून आंगूळ करून आलेव."

पोरी फिदीफिदी हसल्या. पद्मासुद्धा हसली. तिचं हसणं मला जास्त लागलं.

मधल्या सुट्टीत मी फाटकाबाहेर गेले तर बोरंवाली आजी माझ्याच पत्रकाच्या पुड्या बांधून बोरं विकत होती. 'जाग्या व्हा'च्या पोटात बोरं. पोरी बिया थुंकून कागद फरशीवरच टाकत होत्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापासून पायऱ्यांपर्यंत पोती अंथरलेली.

जुनी, ठिगळं लावलेली, कुठे ज्वारीचे दाणे शिवणीत अडकलेली पोती. शाहीनने अब्बांकडून मागून आणली होती, दाभणाने एकाला एक जोडली होती, आणि गौरामावशींनी फरशी धुऊन झाल्यावर तिला अंथरायला मदत केली होती. पाऊलवाटेइतकीच रुंदी. पण तिच्यावरून पोरी धावत आल्या. धावत! हिवाळ्यात आमच्या धुतलेल्या अंगणात कुणी धावत येतंय हे मी पहिल्यांदाच बघत होते. पोत्यांचा उग्र वास, ओल्या तागाचा, आणि त्यावर चपलांचा फसफस आवाज. गौरामावशींनी शाहीनच्या ओंजळीत शेंगा घातल्या. "शाणी हाय बघ ही पोरगी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजे कागद मीच गोळा केले काल. लई झाले होते यव्वा."

मग पद्मा आली. पोत्यावर पाय टाकला, थांबली, दुसरा टाकला. आणि आधाराला तिने हात ठेवला तो शाहीनच्या खांद्यावर.

तो खांदा मला आजही दिसतो. पांढऱ्या ब्लाउजचा, निळीत जरा जास्त बुडवलेला. रोज त्याच जागी हात पडून पडून तिथे चुणी पडली होती. शाहीन ती इस्त्रीने काढत नसे. इस्त्रीच नव्हती तिच्याकडे, हे खरं, पण मला वाटायचं ती मुद्दाम ठेवते. माझा ब्लाउज कडक होता. माझ्या खांद्यावर एकही चुणी नव्हती.

एकदा मी पद्माला म्हणाले, "आज माझा खांदा घे की."

"नगं. तू लई भरभर चालतीस."

"हळू चालीन."

"आन् बोलत चालतीस. हात करून करून. मी हातावर लक्ष देऊ का पायावर?"

ती हसत म्हणाली होती. मी घरी येऊन जेवले नाही.

माझ्याकडे तत्त्व होतं, म्हणून जळताना मला तत्त्वाचा आधार होता. मी शाहीनला खिंडीत गाठलं. म्हणजे नळापाशी. "पोती हे उत्तर नाही," मी म्हणाले. "तेल लावणारे तेल लावत राहणार आणि आपण पोती अंथरत राहणार? ही तडजोड आहे."

शाहीनने ओंजळीतलं पाणी पिऊन घेतलं, तोंड पुसलं. "हौ गे, तडजोड आसंल. पण पाय सटकंना की न्हाय?"

"आज नाही सटकत. उद्या पोती उचलली तर?"

"उद्याचं तू बग की मग. तुला बोलायला येतंय. जा, मोठ्या बाईंना सांग. मी न्हाय बाई जात, मला भ्या वाटतंय."

आता इतक्या वर्षांनी सांगते, माझं म्हणणं चूक नव्हतं. पोती उचलली गेलीच. आणि शाहीनचंही म्हणणं चूक नव्हतं, कारण माझं पत्रक वाचून एकाही पोरीचा पाय टिकला नव्हता. दोघींचं मिळून एक शहाणपण झालं असतं. पण मी तिच्यावर जळत होते, आणि जळणाऱ्या माणसाला अर्धी बरोबर बाजू पुरते.

मोठ्या बाईंकडे मात्र मी गेले. नवीन प्रत नेली, सुवाच्य अक्षरात. त्यात लिहिलं होतं की फरशी शाळा सुटल्यावर धुवा म्हणजे दुपारच्या उन्हात वाळेल. तेल बंद करा. पोती हिवाळाभर राहू द्या. मोठ्या बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. त्यांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि मायेने म्हणाल्या, "सुलभा, भाषा चांगली आहे गं तुझी. निबंध स्पर्धेला नाव दे."

"बाई, तेलाचं काय?"

"फरशी कशी दिसते हे पाहुणे आधी बघतात. तपासणी होऊन जाऊ दे. तोवर पोती असू देत, मी काही म्हणत नाही."

तपासणी होईपर्यंत पोती, आणि तपासणीच्या दिवशी? हे मी विचारलं नाही. निबंध स्पर्धेच्या गोडीत दारातून बाहेर आले होते.

पुढचे दिवस हिवाळ्यातले सगळ्यात सुंदर दिवस होते, असं आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. पोरी पोत्यांवर सागरगोटे खेळायच्या. वर्गातल्या खिडकीतून तिरपं ऊन फळ्यावर यायचं आणि त्यात खडूची धूळ फिरायची. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत कोण कुठल्या पाळण्यात बसणार याच्या पैजा लागायच्या. पद्माचा गुडघा भरून आला. तिच्या डब्यात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असायची, ते पद्मा आम्हा तिघींत वाटायची, आणि मी तुकडे मोजायचे नाहीत असं ठरवूनही शाहीनचा तुकडा मोठा आहे का ते बघायचे.

तपासणी आली ती ऐन कडाक्याच्या थंडीत. आदल्या संध्याकाळी निरोप आला. गौरामावशींनी रात्र पडायच्या आत अंगणभर तेल चोळलं आणि पहाटे पाणी मारलं. पोती गुंडाळून नळामागे टाकली. शाहीन सकाळी ती पुन्हा अंथरायला गेली, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "आज नको. ही शाळा आहे, आडत नाही." शाहीनचा चेहरा पडला. तिला स्वागतगीताच्या रांगेत पायरीवर उभं केलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. बाकीच्या पोरी एकमेकींचे हात धरून, साखळी करून आत आल्या. माझी भाषा चांगली म्हणून मला फाटकाशी ठेवलं होतं, हातात गुलाबदाणी देऊन. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं आणि दोन ओळींचं स्वागत म्हणायचं.

पद्मा आली नव्हती. अम्माने तिला विड्या पोचवायला कारखान्यात पाठवलं होतं. ती बोळातून येताना दिसली आणि तिच्या पाठोपाठ जीपचा आवाज आला. दोन्ही एकदम फाटकाशी.

पद्माने अंगणाकडे बघितलं. काळंभोर, चकाकतं, एखाद्या विहिरीसारखं. पोतं नाही. शाहीन पार पलीकडे पायरीवर, ओठ घट्ट मिटलेली. मधे कुणी नाही. आणि इथे मी.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. भीती आली आणि भीतीच्या आधी आनंद आला. आज माझाच खांदा आहे, दुसरा नाहीच! मी गुलाबदाणी खाली ठेवली. "पद्मा, धर मला."

पद्माने माझ्या खांद्याकडे बघितलं. मग खाली माझ्या पायांकडे.

"पायात काय हाय तुज्या?"

"स्लीपर."

"मग दोगी पडू."

आणि ती बसली. तिथेच, फाटकाच्या आत, फरशीवर. दप्तर मांडीत घेतलं. बारीक पाय पुढे सरळ केला, दुसरा दुमडला, दोन्ही तळहात मागे टेकले आणि सरकायला लागली. घाई नाही, लाज नाही. हात मागे, ढकल. हात मागे, ढकल. निळ्या परकराला मागून तेलाची काळी चिकट पट्टी लागत गेली. पायरीवरचं स्वागतगीत आधी अडखळलं, मग थांबलं. पेटी वाजवणाऱ्या बाई एकट्याच थोडा वेळ वाजवत राहिल्या.

तपासणीच्या बाई जीपमधून उतरून माझ्या बाजूला येऊन उभ्या होत्या. माझ्या स्वागताच्या दोन ओळी म्हणायच्याच राहिल्या. मोठ्या बाई त्यांना घ्यायला फाटकाबाहेर जीपपाशी गेल्या होत्या, त्या पुढे झाल्या.

"ही मुलगी बसून का जातेय?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"तिचा पाय जरा..." मोठ्या बाई म्हणाल्या.

पद्मा अंगणाच्या मध्यावर पोचली होती. तिने मान वळवली. "पाय न्हाय, बाई. फरशी." मग जणू शिकवणीतलं उत्तर देतेय अशी म्हणाली, "पडले तर माझी शाळा बंद हाय. बसल्यावर पडता येत न्हाय."

आणि पुढे सरकायला लागली.

तपासणीच्या बाईंनी एक चप्पल काढली आणि फरशीवर नुसता अंगठा टेकवून बघितला. लगेच मागे घेतला. "रोज असंच असतं?"

मोठ्या बाई खोटं बोलल्या नाहीत, हे मी त्यांच्या नावावर कायमचं मांडून ठेवलंय. "नाही," त्या म्हणाल्या. "रोज इथे पोती असतात."

"मग आज कुठे गेली?"

कुणी न सांगताच गौरामावशींनी नळामागून गुंडाळी आणली. शाहीन पायरीवरून उतरली. कुणी थांबवलं नाही. दोघींनी फाटकापर्यंत पोती पसरली आणि तपासणीच्या बाई आमच्या शाळेत ज्वारीच्या पोत्यांवरून चालत आल्या. गुलाबदाणी फाटकाशी खालीच राहिली.

त्या वर्षी पुन्हा तेल लागलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. पद्माच्या अम्माने परकर बघून तिला आधी एक धपाटा घातला, मग काय झालं ते ऐकून दारात बसून हसली, आणि शाळा चालू राहिली.

मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन रडले. शाहीनवर जळणं संपलं होतं. आता मी पद्मावर जळत होते. माझ्या सगळ्या कार्बनच्या प्रतींत, उद्गारचिन्हांत, अण्णांच्या फडक्यातून आलेल्या त्या सगळ्या कागदांत 'पाय न्हाय, फरशी' इतकं नेमकं वाक्य कुठे नव्हतं. ते तिला थंडगार दगडावर बसून सुचलं. मला वर्गात, कोरड्या बाकावर, नवं पेन घेऊन सुचलं नाही. मी आजही लिहायला बसते तेव्हा ते वाक्य आठवतं आणि पोटात एक बारीक आग होते. ती विझावी असं मला वाटत नाही. तिच्यावर माझं बरंच लिखाण शिजलंय.

परवा तो तेलाचा वास आल्यावर मी शाळेत गेले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आहेत, गौरामावशीही गावी गेल्या. नवीन मुख्याध्यापिका उत्साही आहेत. गॅदरिंग तोंडावर आलंय, मागून तपासणी. अंगण काळंभोर चमकत होतं. एक लहान मुलगी भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत वर्गाकडे जात होती, आणि तिच्या मागच्या दोघी तिला हसत होत्या. मी नव्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "माजी विद्यार्थिनी ना तुम्ही? लिहिता ना? गॅदरिंगला या, चार शब्द बोला," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पद्मा भेटली. ती आता शिक्षिका व्हायचं शिकतेय. शाहीनचं लग्न होऊन ती गुलबर्ग्याला गेली, तिला बाळ झालंय, आणि त्या बाळाला झबलं घ्यायला आम्ही दोघी नवी पेठेत गेलो होतो. गर्दीत धक्के लागत होते. पद्माने दुकानाच्या फळीचा आधार घेतला, माझ्या खांद्याचा नाही. झबलं तिने इतकं निरखून निवडलं की मला त्या न बघितलेल्या पोराचासुद्धा राग आला. मी तिला शाळेतलं सांगितलं. तिचा हात गुडघ्याकडे गेला, परकर असायचा तिथे आता साडीच्या निऱ्या होत्या.

"मग काय करणार तू?"

"लिहिते."

"लिही की. पण लोकांना करायला कायतरी दे. नुसतं वाचून लोक काय करतील? पुड्या बांधतील."

म्हणून आता सांगते. हा लेख संपला की कागद खाली ठेवा. या आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवा आणि तुमच्या मुलीच्या, भाचीच्या, शेजारच्या पोरीच्या शाळेत तिच्याबरोबर जा. ऊन यायच्या आत जा. तिच्याच पायातल्यासारखी झिजलेली रबरी स्लीपर घालून फाटकापासून तिच्या बाकापर्यंत चाला. नळापाशी चाला, पायऱ्यांच्या पहिल्या दगडावर उभे राहा, शेवाळ आलेल्या कोपऱ्यात जा. जिथे तुमचा पाय सटकेल तिथे थांबा आणि मुख्याध्यापकांना तिथेच बोलावून आणा, त्यांच्या खोलीत जाऊन बोलू नका. त्यांना सांगा, फरशी शाळा सुटल्यावर धुवा. तेल एकदाही लावू नका. नळाखाली आणि चालण्याच्या वाटेवर पोती अंथरा. नसतील तर तुम्ही घरून दोन घेऊन जा, फाटकी चालतात. आणि कुणी पडलं तर पडणाऱ्या मुलीला ओरडण्याआधी जमिनीला हात लावून बघा.

तपासणीच्या दिवशी पुन्हा जा. सकाळी सकाळी कुणीतरी ती पोती गुंडाळायला येईल. त्या पोत्यांवर उभे राहा, आणि शेवटची मुलगी वर्गात पोचेपर्यंत हलू नका.